खाकी गणवेश आणि घरचे रान

गणपतीच्या मिरवणुकीत किंवा मतदान केंद्राच्या दारात आपल्याच शिवारातला पोरगा खाकीत उभा दिसला की बायाबापड्या विचारतात, "पोलिसात लागलास का रे?" तो पोलिसात लागलेला नसतो. तो होमगार्ड, म्हणजे गृहरक्षक दलाचा जवान असतो.

हे दल डिसेंबर १९४६ मध्ये दंगलींच्या दिवसांत मुंबईत उभे राहिले. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. १९४७ साली त्याचा कायदा झाला. दलाचे ब्रीद आहे 'निष्काम सेवा'. दहावी झालेल्या, वीस ते पन्नास वयाच्या स्त्री-पुरुषांना यात जाता येते. मात्र शारीरिक चाचणी द्यावी लागते.

पोराने अर्ज करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून बोलावे. ही नोकरी नव्हे. महिन्याचा पगार नाही. बोलावणे आले तर त्या दिवसाचा भत्ता. २०२४ साली तो ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये झाला. रक्कम बरी आहे, पण वर्षात किती दिवस काम मिळेल हे आधी ठरलेले नसते. म्हणून या भत्त्याच्या भरवशावर कर्ज काढू नये की सोयरीक ठरवू नये. तीन वर्षे नियमित सेवा केल्यास पोलीस भरतीत पाच टक्के राखीव जागांचा लाभ मिळू शकतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट रानाची. बोलावणे येते ते सणासुदीला. गणपतीत मूग-उडदाची तोडणी, दसऱ्याला सोयाबीनची काढणी. हुकूम आल्यावर 'घरी मळणी आहे' म्हणून चालत नाही. कारणाशिवाय हुकूम मोडल्यास शिक्षेची तरतूद आहे. त्या दिवसांत त्याच्या वाटचे काम कोण उचलणार, हे आधीच ठरवा. नाहीतर सगळा भार घरच्या बाईवर पडतो आणि मग रोज कुरबूर होते.

तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक. कामावर बोलावलेल्या होमगार्डला पोलिसाचेच अधिकार आणि संरक्षण असते. काम संपले की तो तुमच्या-आमच्यासारखा. बांधाच्या भांडणात, पाण्याच्या पाळीवरून भाऊबंदांसमोर गणवेश चढवून उभे राहणे हा त्या कपड्यांचा अपमान आहे. गाव अशी गोष्ट वर्षानुवर्षे विसरत नाही.

लेकी-सुनांनाही अडवू नका. जत्रेच्या गर्दीत हरवलेले पोर उराशी धरायला, घाबरलेल्या मुलीची तक्रार ऐकून घ्यायला बाईमाणूस जवळ असले की धीर येतो.

घरचा हिशेब आधी नीट मांडा आणि मग पाठवायचे तर आनंदाने पाठवा. बंदोबस्तावरून रात्री उशिरा परतणाऱ्यासाठी चुलीशी भाकरी झाकून ठेवणे, ही घरच्यांचीही सेवाच आहे.