फेलोशिपसाठी अर्ज कराच

एमडी किंवा पीएचडी नुकतीच संपवलेल्या कुणी संशोधनाच्या फेलोशिपचा विषय काढला की विभागातले ज्येष्ठ सांगतात, "तिथं आपल्यासारख्यांचा नंबर लागत नाही. आधी कायमची नोकरी धर, मग बघू." सल्ला आपुलकीचा असतो, पण चुकीचा असतो. त्याची किंमत त्या तरुणाबरोबर रुग्णांनाही मोजावी लागते. म्हणून त्यामागचे युक्तिवाद एकेक करून तपासायला हवेत.

पहिला युक्तिवाद असा की या फेलोशिप बड्या संस्थांसाठी आणि परदेशात शिकून आलेल्यांसाठी असतात. यात तथ्य आहे. दिल्ली-बंगळुरूच्या संस्थेत अर्ज वाचून दाखवायला चार अनुभवी माणसं शेजारच्या खोलीत सापडतात, जिल्ह्याच्या महाविद्यालयात सापडत नाहीत. पण ही अडचण आहे, अपात्रता नव्हे. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८-०९ मध्ये उभारलेल्या इंडिया अलायन्सचीच योजना पाहा. तिच्या पाच वर्षांच्या अर्ली करिअर फेलोशिपला वयाची अट नाही. प्राथमिक अर्ज, मग सविस्तर अर्ज आणि त्यावर तज्ज्ञांचे अभिप्राय, शेवटी मुलाखत अशी चाळणी असते. प्रश्न काय, तो कसा सोडवणार, तो तुम्हीच का सोडवावा, हे तिथं तपासलं जातं.

आणि प्रश्नांच्या बाबतीत जिल्हा रुग्णालय गरीब नाही. यवतमाळात २०१७ मध्ये कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी करावी लागली. गडचिरोली-नंदुरबारच्या ओपीडीत सिकलसेलचे रुग्ण येतात. हे प्रश्न राजधानीतल्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून दिसत नाहीत. ते रात्रपाळीत वॉर्ड सांभाळणाऱ्या निवासी डॉक्टरला दिसतात.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे: अर्ज लिहिण्यात महिने जातात आणि बहुतेकांच्या हाती काही लागत नाही. याला पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये वैद्यकीय संशोधन प्रकल्पांच्या अनुदानासाठी ३,७२७ अर्ज आले. ते लिहिण्यात संशोधकांची मिळून सुमारे ५५० वर्षांची मेहनत गेली, असा अंदाज तिथल्याच अभ्यासकांनी काढला. त्यातले जवळपास पाचातले चार अर्ज नामंजूर झाले. ही उधळपट्टी आहे आणि निधी देणाऱ्यांनी अर्ज आटोपशीर करायलाच हवेत. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: अर्जावर अधिक दिवस घालवल्यानं यशाची शक्यता वाढली नाही. यातून निघणारा धडा अर्ज करू नका असा नाही. भाषेवर आठवडेच्या आठवडे रंधा मारत बसू नका, असा आहे. शिवाय नीट लिहिलेला अर्ज वाया जात नाही. त्याचाच प्रोटोकॉल होतो, तोच एथिक्स कमिटीपुढे जातो, त्यातूनच पुढचा अर्ज निम्मा तयार होतो.

तिसरा युक्तिवाद: निवड हा नशिबाचा खेळ आहे, नकार आला की उमेद खचते. काठावरच्या अर्जांमध्ये नशिबाचा भाग असतो, हे मान्य. पण मग एका नकाराला स्वतःच्या कुवतीवरचा निकाल का मानायचा? नेदरलँड्समधल्या तरुण संशोधकांच्या अनुदानाचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. थोडक्यात निवडले गेलेल्यांना पुढच्या आठ वर्षांत थोडक्यात हुकलेल्यांपेक्षा दुपटीहून अधिक निधी मिळाला होता. दोघांच्या गुणवत्तेत म्हणावा असा फरक नव्हता. दरी रुंदावण्याचं एक कारण असं निघालं की हुकलेल्यांनी पुढं अर्ज करणंच कमी केलं. "नंबर लागत नाही" हे वाक्य ऐकणारी व्यक्ती अर्ज करत नाही आणि मग ते वाक्य खरं ठरतं. ते खरं ठरवण्यात सल्ला देणाऱ्यांचाही हात असतो.

चौथा युक्तिवाद अभिमानाचा आहे: डॉ. हिंमतराव बावस्करांकडे कुठली फेलोशिप होती? महाडच्या परिसरात, प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाचे रुग्ण तासन्‌तास उशाशी बसून पाहिले. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याच्या लक्षणांवर लेख लिहिला आणि १९८६ मध्ये प्रॅझोसिनचा उपयोग मांडला. कोकणात किती जीव त्यामुळे वाचले! पण या उदाहरणाचा अर्थ आपण उलटा लावतो. अशी तपश्चर्या करणाऱ्या एकामागे किती डॉक्टर आपला प्रश्न मनातच ठेवून निवृत्त झाले असतील? व्यवस्था अपवादांच्या भरवशावर सोडायची नसते. फेलोशिप देते ती मुख्यतः मोकळीक: पगाराची चिंता न करता एका प्रश्नामागं लागण्याची काही वर्षं.

म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे. एमडीच्या थिसिसचा विषय बहुतेकांना गाईड देतात. फेलोशिपचा अर्ज ही आपला प्रश्न आपण निवडण्याची पहिली संधी आहे, ती वाया घालवू नका. आधी तो प्रश्न मराठीत दहा ओळींत लिहा आणि गावच्या आशाताईंना वाचून दाखवा. त्यांना कळला नाही, तर तो तुम्हालाही अजून नीट कळलेला नाही. संख्याशास्त्रज्ञाला शेवटी सह्या घ्यायला नव्हे, पहिल्या आठवड्यात भेटा. आकर्षक दहा उद्दिष्टांपेक्षा पूर्ण होतील अशी तीन लिहा. नकार आला तर अभिप्राय वाचा, पटेल ते दुरुस्त करा आणि पुन्हा अर्ज करा.

पैसा नाही, ही सबबही आता पुरेशी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं इंडिया अलायन्सच्या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. त्याचा खर्च १,५०० कोटी रुपये आहे, त्यातले १,००० कोटी सरकारचे. हा जनतेचा पैसा कोणत्या आजारांवर खर्च होणार, हे अर्ज कोण करतं यावर बरंच अवलंबून आहे. यवतमाळ, बीड, नंदुरबारमधून अर्ज गेलेच नाहीत, तर तिथल्या रुग्णांचे प्रश्न निवड समितीपुढं येणार तरी कसे?

यात सगळा भार तरुणांवर टाकणं अन्यायाचं होईल. अधिष्ठात्यांनी संमतीपत्रावर सही करण्याआधी त्या डॉक्टरच्या ड्यूट्या कमी करण्याचा लेखी आदेश काढावा. हिशेब आणि खरेदी सांभाळणारा एक माणूस संस्थेनं नेमावा. आणि विभागप्रमुखांनी "नंबर लागत नाही" म्हणण्याऐवजी विचारावं, "तुझा प्रश्न काय आहे?" मग त्याच्यासोबत बसून पहिला मसुदा वाचावा. ज्येष्ठांकडून महाराष्ट्राच्या वैद्यकीय संशोधनाला आज हवी आहे ती ही मदत, आणि ती द्यायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही.