छत्तीसचा आकडा आरशात धरून पाहा

दोघांचे पटत नसेल तर मराठीत म्हणतात, त्यांचा छत्तीसचा आकडा आहे. देवनागरीत ३६ लिहून पाहिले की कारण लगेच कळते. ३ चे तोंड डावीकडे, ६ चे उजवीकडे, आणि पाठी एकमेकांकडे. तेच अंक ६३ असे लिहिले की समोरासमोर येतात. आम्ही रायपूरचे लोक हा आकडा राज्याच्या नावातच घेऊन फिरतो, कारण छत्तीसगड म्हणजे छत्तीस गडांचा प्रदेश असे परंपरेने सांगतात.

आता एक प्रयोग करा. कागदावर मोठ्या अक्षरात ३६ लिहा आणि शेजारी आरसा उभा धरा. आरशातही ३६ च दिसेल. हस्ताक्षराप्रमाणे एखादे वळण इकडेतिकडे होईल तेवढेच. याचे कारण, आरशात ३ चा ६ होतो, ६ चा ३ होतो आणि दोघांच्या जागाही बदलतात. नंतर आरसा बाजूला ठेवून कागद उलटा फिरवा, म्हणजे वरची बाजू खाली येऊ द्या. दोन्ही अंकांच्या शेपट्या वर जातील आणि तो आकडा ३६ म्हणून वाचता येणार नाही. मात्र पाठी अजूनही एकमेकांकडेच असतील.

म्हणजे "आकडा कोणता?" या प्रश्नाचे उत्तर कागद फिरवल्यावर टिकले नाही, आणि "दोघांनी पाठी फिरवल्या आहेत का?" या प्रश्नाचे उत्तर टिकले. आकृती एकच होती. माझे म्हणणे असे आहे की बुद्धिमत्ता चाचणीतल्या आकृत्यांच्या प्रश्नांची वर्गवारी याच पद्धतीने व्हायला हवी. आकृती कशी दिसते यावरून ती करू नये. आकृती फिरवली, आरशात धरली, मोठी केली किंवा रंगवली तर उत्तराचे काय होते, यावरून करावी.

हे मला सुचले ते एका चुकीमुळे, आणि ती चूक माझी होती.

आमच्या हॉस्टेलमध्ये संध्याकाळच्या प्रेपला वरच्या वर्गातल्या कॅडेटांनी ज्युनिअर मुलांच्या शंका सोडवायच्या असतात. मागच्या सत्रात सहावीतला एक मुलगा सराव पुस्तक घेऊन माझ्याकडे आला. प्रश्न होता, गटात न बसणारी आकृती ओळखा. चार आकृत्या होत्या आणि प्रत्येकात एक काठी व तिच्या टोकाला तिकोनी झेंडा होता. पहिलीत काठी उभी आणि झेंडा उजवीकडे. दुसरी आकृती म्हणजे पहिलीच, पण घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ९० अंशांत फिरवून आडवी केलेली. तिसरी म्हणजे पहिलीच १८० अंशांत फिरवलेली, डोके खाली. चौथीत काठी उभी, पण झेंडा डावीकडे.

त्याने दुसरी आकृती लिहिली होती. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर उत्तर होते चौथी. मी पान पाहिले आणि म्हणालो, "चूक आहे. चौथी आरशातली आहे, बाकीच्या नुसत्या फिरवलेल्या आहेत." तो म्हणाला, "पण दादा, दुसरी एकटीच झोपलीय." शेजारची मुले हसली. त्याने उत्तर खोडले आणि वही मिटून घेतली.

रात्री दिवे गेल्यावर मला वाटू लागले की तो चुकला नव्हता. तीन काठ्या उभ्या रेषेत आहेत आणि एक आडवी आहे, हे कोणीही नाकारू शकत नाही. मग चौथी बरोबर आणि दुसरी चूक हे ठरवले कोणी?

दुसऱ्या दिवशी मी त्या आकृत्या कागदाच्या तुकड्यांवर काढल्या आणि हाताने फिरवून पाहिल्या. चौथी आकृती कितीही फिरवली तरी ती बाकीच्या तिघींसारखी होत नाही. दुसरी मात्र ९० अंशांत फिरवली की थेट पहिली होते, तिचे वेगळेपण संपते. पण चौथी आरशात धरली की तीही पहिलीच होते आणि तिचेही वेगळेपण संपते. म्हणजे "फिरवणे हा बदल धरायचा नाही" असे ठरवले तर उत्तर चौथी. "डावे-उजवे किंवा वर-खाली उलटणे हा बदल धरायचा नाही" असे ठरवले तर उत्तर दुसरी. पुस्तकाने यातले काहीच सांगितले नव्हते. त्या मुलाने एक नियम मनात धरला आणि पुस्तकाने दुसरा.

मी हे गणिताच्या सरांना सांगितले. त्यांनी फळ्यावर बोंगार्डची कोडी काढून दाखवली. मिखाईल बोंगार्ड हे सोव्हिएत रशियातले संशोधक. यंत्राला आकृत्या ओळखायला कसे शिकवावे या विषयावर त्यांचे पुस्तक १९६७ साली निघाले आणि त्यात अशी १०० कोडी होती. पुढे अमेरिकेतल्या डग्लस हॉफस्टॅटर यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात त्यांच्याविषयी लिहिले आणि ती जगभर माहीत झाली. प्रत्येक कोड्यात डावीकडे सहा चौकटी आणि उजवीकडे सहा चौकटी असतात. डावीकडच्या सहांना लागू पडणारा आणि उजवीकडच्या एकालाही लागू न पडणारा नियम आपण शोधायचा. पर्याय दिलेले नसतात.

मी ही कोडी सोडवण्याऐवजी बदलून पाहू लागलो. प्रत्येक बदलानंतर तीनपैकी एक गोष्ट घडते. उत्तर तसेच राहते, किंवा डावी-उजवी बाजू अदलाबदल होते, किंवा जुने उत्तर लागूच पडत नाही. मी वहीत त्यांना टिकते, उलटते आणि मोडते अशी नावे दिली.

सहाव्या कोड्यात एका बाजूला त्रिकोण आणि दुसऱ्या बाजूला चौकोन आहेत. फिरवा, आरशात धरा, मोठे करा, रंग भरा, उत्तर टिकते. तिसऱ्यात एका बाजूला पोकळ आकृत्या आणि दुसऱ्या बाजूला भरलेल्या आहेत. फिरवल्याने काही होत नाही, पण पोकळ आकृत्या भरल्या आणि भरलेल्या पोकळ केल्या की उत्तर उलटते. दुसऱ्यात मोठ्या विरुद्ध लहान आहेत. सगळ्या एका मापाच्या केल्या की कोडे मोडते. सोळाव्यात गोगलगाईच्या शंखासारखी वळणे आहेत, एका बाजूची एका दिशेने आणि दुसऱ्या बाजूची उलट दिशेने जाणारी. ती वाटेल तितकी फिरवा, उत्तर टिकते. आरशात धरली की उलटते.

सातवे मला सर्वांत आवडले. त्यात एका बाजूला उभट आणि दुसऱ्या बाजूला आडव्या आकृत्या आहेत. सगळ्या ९० अंशांत फिरवल्या की उभ्या आडव्या होतात आणि आडव्या उभ्या, म्हणजे उत्तर उलटते. सगळ्या ४५ अंशांत फिरवल्या की कोणीच उभे नाही आणि कोणीच आडवे नाही. उत्तर मोडते आणि "कोणत्या बाजूला कलले आहे" असा नवाच नियम शोधावा लागतो. बदल तोच, फिरवण्याचा, पण किती फिरवले यावर परिणाम वेगळा.

आता आपली सराव पुस्तके पाहा. त्यांत आरशातील प्रतिमा, पाण्यातील प्रतिमा, आकृत्यांचा क्रम, गटात न बसणारी आकृती असे वेगवेगळे पाठ असतात. आरशातल्या आणि पाण्यातल्या प्रतिमेला दोन पाठ आणि दोन युक्त्या. आमच्या रायपुरात बूढा तालाबच्या मधोमध स्वामी विवेकानंदांचा बसलेला पुतळा आहे. तलावाचे पाणी शांत असताना त्याचे प्रतिबिंब दिसते. त्या प्रतिबिंबाचा फोटो काढून फोन उलटा धरला तर काय दिसेल? पुतळ्याचे डोके वर येईल आणि डावे-उजवे मात्र बदललेले असेल, म्हणजे हुबेहूब आरशातली प्रतिमा. पाण्यातली प्रतिमा म्हणजे आरशातली प्रतिमा १८० अंशांत फिरवलेली. हे एकदा कळले की दोन पाठांचा एकच पाठ होतो आणि युक्ती पाठ करावी लागत नाही.

यात आम्हा कॅडेटांना तर मुद्दाम शिकण्यासारखे काही नसावे, कारण हे आम्ही परेड मैदानावर रोज करतो. नवीन मुलांना आठवत असेल, उस्ताद समोर उभे राहून उजवा हात वर करतात आणि निम्मी रांग डावा हात वर करते. ती मुले उस्तादांना आरशासारखी पाहतात. उस्ताद आरसा नसतात, ते आपल्यासारखेच असतात, फक्त १८० अंशांत फिरलेले. त्यांची जागा मनात घ्यायची तर मनातल्या मनात "पीछे मुड़" करावे लागते. नकाशा वाचनातही तेच. नकाशा फिरवून त्याची उत्तर जमिनीवरच्या उत्तरेशी जुळवली तर सगळे बरोबर बसते, पण नकाशा चुकून मागच्या बाजूने, उजेडासमोर धरून वाचला तर तो कितीही फिरवून जुळणार नाही.

यंत्रांनाही हे लागू आहे. संगणकाला चित्रे ओळखायला शिकवताना एकाच चित्राच्या फिरवलेल्या आणि आरशातल्या प्रती करून त्याला देतात, म्हणजे थोड्या चित्रांतून पुष्कळ सराव होतो. मांजर आरशातही मांजरच असते. पण देवनागरी अंक शिकवताना कोणी हे केले तर ३ च्या आरशातल्या प्रतीवर "हा ३ आहे" अशी चिठ्ठी लागेल आणि ती प्रत ६ सारखी दिसेल. कोणता बदल चालतो, हे आधी माणसालाच ठरवावे लागते.

माझा एक मित्र म्हणतो की हे सगळे ठीक, पण परीक्षेत वेळ कुठे असतो? त्याचे म्हणणे खोटे नाही. सैनिक शाळांच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत १२५ प्रश्नांना १५० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. त्यांत २५ प्रश्न बुद्धिमत्तेचे असतात, प्रत्येकी २ गुणांचे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने तिथे कागदाचे तुकडे फिरवत बसावे असे मी म्हणत नाही. पण परेडही आपण आधी गिनतीने, एक-एक हालचाल थांबवून शिकतो, आणि नंतरच ती सरळ होते. सराव करताना हळू जायला काय हरकत आहे? शंभर प्रश्न युक्तीने सोडवण्यापेक्षा वीस प्रश्न फिरवून, उलटवून, मोडून पाहिले तर एकशे एकावा प्रश्न नवीन वाटणार नाही.

दुसरा आक्षेप असा की हुशार मुलाला प्रश्नकर्त्याच्या मनातले ओळखता यायला हवे. हे मला मान्य नाही. ज्याने क्लासमध्ये तसले दोनशे प्रश्न पाहिले आहेत त्याला ते ओळखता येते. ज्याने पाहिले नाहीत तो स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो आणि गुण गमावतो. मग ती चाचणी बुद्धीची झाली की सवयीची? दोन गुणांनी कोणाचा प्रवेश हुकू शकतो. म्हणून प्रश्न लिहिणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे की एक वाक्य जास्त लिहा. "कोणती आकृती इतर आकृत्या फिरवून मिळत नाही?" असे विचारले की त्या चार झेंड्यांत भांडणच उरत नाही. काही पुस्तके असे लिहितात, सगळ्यांनी लिहावे. आणि आपला प्रश्न छापण्याआधी प्रत्येक आकृती एकेकटी फिरवून आणि आरशात धरून पाहा. दुसरे उत्तर निघाले तर प्रश्नात खोट आहे, मुलात नाही.

आम्हा सीनिअर मुलांसाठीही एक गोष्ट आहे. ज्युनिअरचे उत्तर चूक म्हणण्याआधी शेवटचे पान बघण्याऐवजी त्याला विचारावे की तू कोणता नियम धरलास. मी ते विचारले नव्हते.

त्या मुलाला मी दोन दिवसांनी शोधून काढले आणि त्याचे उत्तर चूक नव्हते हे कागदाचे तुकडे फिरवून दाखवले, जी मुले हसली होती त्यांच्यासमोरच. त्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मग दादा, परीक्षेत असा प्रश्न आला तर मार्क मिळतील का?" मी खरे ते सांगितले की बहुधा मिळणार नाहीत. तो थोडा वेळ गप्प बसला. आता मात्र तो आकृतीचा प्रश्न घेऊन आला की सोडवण्याआधी विचारतो, "दादा, यात फिरवलेलं चालतं का?" पुष्कळदा पुस्तकात याचे उत्तर नसते. मग आम्ही दोघे दोन्ही उत्तरे लिहून ठेवतो, आणि प्रत्येकाशेजारी नियम.