बैलाचं इंजेक्शन मोतीला नको!

गोठ्यात गुरांचं जंत-गोचिडाचं इंजेक्शन उरलंय, म्हणून मोतीलाही टोचायचं? थांबा, दोस्तांनो! १ टक्का आयव्हरमेक्टिनच्या १ मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं. १० किलोच्या कुत्र्याला हृदयातले जंत रोखायला महिन्याला ०.०६ मिलिग्रॅम पुरतं! अंदाज चुकला तर झटके, बेशुद्धी, मृत्यूसुद्धा. कोली जातीला तर धोका आणखी जास्त.

हे जंत डासांमार्फत शिरतात, त्यामुळे पावसाळ्यात काळजी हवीच. पण आधी कुत्र्याचं वजन करा, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रक्त तपासा, मग कुत्र्यासाठीचंच औषध द्या. शहाद्याच्या मळ्यात, धडगावच्या पाड्यावर तो रात्रभर राखण करतो. त्याच्यासाठी एवढं तर करूच ना?