पुतळा वाचला, बाईचे काय?

मैत्रिणींनो, ‘पिंजरा’चा विषय निघाला की आमच्या भिवंडीच्या गटातही डोळ्यांना पदर लागतो. दिवसभर कारखान्यात कांड्या भरून आलेल्या बायाच म्हणतात, “बाईपायी देवमाणसाची माती झाली!” हे वाक्य त्यांचे नाही. चित्रपटाच्या शेवटाने ते त्यांच्या तोंडी घातले आहे.

व्ही. शांताराम यांच्या १९७२ च्या या चित्रपटाचे मूळ जर्मन आहे : स्टर्नबर्ग यांचा १९३० चा ‘ब्लू एंजल’. त्यातला मास्तर गाणाऱ्या लोलापायी नोकरी घालवतो, तिच्याशी लग्न करतो, विदूषक होतो. आपल्याच गावच्या रंगमंचावर त्याला कोंबड्यासारखे आरवावे लागते. शेवटी रात्री तो जुन्या शाळेत जातो आणि आपले टेबल घट्ट धरून मरतो. लोला तिकडे गातच असते. बाई म्हणजे मोहिनी, हे तिथेही आहेच. त्या चित्रपटाची आरती ओवाळायचे कारण नाही. पण लोलाला प्रायश्चित्त घ्यावे लागत नाही, आणि मास्तराचा पुतळाही उभा राहत नाही.

आपल्याकडे आल्यावर शेवट बदलला. मास्तरांचा खून झाला असे गाव समजते, त्यांना देवपण देते. खरे मास्तर मात्र तमाशाच्या फडात तुणतुणे धरून उभे! पुढे त्यांच्यावरच त्यांच्या खुनाचा आरोप येतो आणि आदर्श टिकावा म्हणून ते मुकाट्याने फाशी पत्करतात. खरे काय ते चंद्रकलेला ठाऊक असते, पण ते गावापर्यंत पोचत नाही. आधी सूड घेणारी ही बाई शेवटी मास्तरांवर जीव ओवाळून टाकणारी होते, तेव्हाच प्रेक्षक तिला माफ करतात. आणि याला आपण त्याग म्हणायचे? गावाला खोटे सांगून राखलेली इज्जत ती. डॉ. लागूंच्या अभिनयाने आपण हेलावतो, ते ठीक. पण सुरुवात कोणी केली? पोटासाठी नाचणाऱ्या बायांचा फड मास्तरांनीच गावाबाहेर काढला. त्याची सुनावणी कुठल्याच कोर्टात होत नाही.

जुन्या चित्रपटावर एवढे का भांडते? २००५ साली महाराष्ट्र सरकारने डान्सबार बंद केले तेव्हा हीच गोष्ट पुन्हा सांगितली गेली : बारबालांपायी तरुण पोरे बिघडतात, संसार मोडतात. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र मोकळीक होती. म्हणजे श्रीमंतांची पोरे बिघडत नसावीत! ही बंदी २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. मधली वर्षे त्या बायांनी कशी काढली, हे विचारायला कोणी मास्तर गेले नाहीत.

गटात ‘पिंजरा’ पुन्हा लावू तेव्हा फड हाकलला जातो तिथेच टीव्ही थांबवायचा, असे मी सुचवले आहे. पहिला प्रश्न तिथे : त्या रात्री फडातल्या बायांनी काय खाल्ले असेल?