पुन्हां चालतां येईल काय ?

चांगलें धडधाकट माणूस पाहतां पाहतां अंथरुणास खिळतें. पाय उचलत नाहींत, कमरेखालीं बधिरपणा येतो, लघवी अडते. मज्जारज्जूचा तीव्र दाह, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेंत 'ट्रान्सव्हर्स मायलायटिस', असें निदान होतें; आणि आजीपासून शाळकरी मुलापर्यंत सारें घर एकच प्रश्न विचारूं लागतें : 'पुन्हां चालतां येईल काय ?' वैद्यकशास्त्राला याचें उत्तर कितपत देतां येतें, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

हें दुखणें म्हणजे जन्माचें पंगुत्व, ही समजूत प्रथम टाकून द्यावी. स्थूलमानानें एक-तृतीयांश रोगी पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे होतात. तितकेच कांहीं उणेपण राहूनहि आपले व्यवहार चालवितात. उरलेल्यांना मात्र मोठें अपंगत्व राहतें. आपला रोगी यांपैकीं कोणांत पडेल, हें पहिल्या दिवशीं छातीठोकपणें सांगणें कोणासहि शक्य नाहीं. तथापि कांहीं खुणा आहेत. दुखणें एका दिवसाच्या आंत शिखरास पोंचलें व पाय अगदीं लुळे पडले, तर चिंता अधिक. उलट तें सावकाश वाढलें असून पाय थोडे तरी हलत असले, तर आशेस जागा अधिक. सुधारणा बहुधा पहिल्या तीन महिन्यांत सुरू होते. त्या अवधींत ती मुळींच दिसली नाहीं, तर मोठ्या सुधारणेचा संभव कमी होतो. परंतु एकदां सुरू झालेली सुधारणा दोन वर्षांपर्यंतहि चालूं शकते. म्हणून 'व्हायचें तें झालें' असें म्हणून सहाव्या महिन्यांत व्यायाम सोडणें हें रोग्याचें मोठेंच अहित होय.

दुसरा प्रश्न, दुखणें उलटेल काय ? पुष्कळांना तें आयुष्यांत एकदांच होतें. पण मेंदूच्या एम. आर. आय. चित्रांतहि डाग आढळले, तर पुढें मल्टिपल स्क्लेरॉसिस होण्याचा संभव वाढतो. २००४ सालीं रक्तांतील एका विशिष्ट प्रतिद्रव्याचा शोध प्रसिद्ध झाला. तें 'ॲक्वापोरिन-४' या प्रथिनाविरुद्ध असतें, असें पुढें ठरलें. तें ज्यांच्या रक्तांत सांपडतें, त्यांच्या मज्जारज्जूंतील दाह बहुधा तीन किंवा अधिक मणक्यांच्या लांबीचा असतो. त्यांचें दुखणें उलटण्याचा, इतकेंच नव्हे तर दृष्टि जाण्याचाहि धोका मोठा असतो, म्हणून त्यांना दीर्घकाळ औषध घ्यावें लागतें. रोगी चालूं लागला म्हणून ही रक्तपरीक्षा टाळूं नये.

राहतां राहिलें घरचें काम. निजून असलेल्या रोग्याची कूस वरचेवर बदलावी, म्हणजे पाठीस क्षत पडत नाहीं. लघवीच्या नळीची स्वच्छता कसोशीनें राखावी आणि सांगितलेले व्यायाम एक दिवसहि चुकवूं नयेत. आणि उशाशीं बसून 'आतां कसला उठतोय !' असें कोणीं, वडीलधाऱ्यांनीं देखील, कुजबुजूं नये. पाय निजले असले तरी कान जागे असतात.