शाळेतील छळाकडे डोळेझाक नको!



विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. प्रताप नगर, खामला, जयताळा या वस्त्यांतून नवे गणवेश घातलेली मुले रस्त्याने जाताना दिसली की आईबापांचे मन भरून येते. फी भरली, पुस्तके घेतली, ऑटोवाला ठरविला, म्हणजे आपले कर्तव्य संपले असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. परंतु वर्गात आपल्या मुलाला कोण काय म्हणतो, मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ कोण बसतो, याची विचारपूस किती घरांत होते? नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी तर हा प्रश्न स्वतःस अवश्य विचारावा. घरातला देव्हारा निघतो, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब येतात, ही गोष्ट मूल सहज वर्गात सांगून टाकते. आणि मोठ्यांच्या निर्णयाची पहिली किंमत पुष्कळदा त्या मुलास मोजावी लागते.

छळ म्हणजे केवळ मारहाण, हा समज प्रथम टाकून दिला पाहिजे. परमपूज्य बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेतील आपले दिवस स्वतः लिहून ठेवले आहेत. वर्गाच्या कोपऱ्यात त्यांना वेगळे बसविले जाई. बसावयाचे गोणपाट घरून आणावे लागे आणि संध्याकाळी परत न्यावे लागे, कारण शाळेचा झाडूवालाही त्यास हात लावीत नसे. तहान लागली तर नळ शिपायाने सोडावा लागे. शिपाई नाही, तर पाणी नाही. या हकिकतीत मारण्यासाठी कोणी हात उगारलेला नाही, तरीही हा छळच होता. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडविण्यास बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून मुलांनी ते उचलण्यासाठी धाव घेतली. ही बुद्धी त्या मुलांना शाळेने दिली नव्हती. ती घरून आली होती. ज्या ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, तो दिवस महाराष्ट्र शासन २०१७ पासून ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळते. त्या दिवशी शाळेत भाषणे होतात. आज गोणपाटाच्या जागी काय आले आहे, याची चौकशीही त्याच दिवशी व्हावयास हवी.

आज त्या जागी शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात वाचून दाखविणे आले आहे. ‘तुम्हाला काय, सगळे फुकट’ हा टोमणा, आडनावावरून केलेली चौकशी आणि मोबाईलवरील वर्गाच्या गटातून मुद्दाम वगळणे आले आहे. थट्टा आणि छळ यांतील भेद ओळखण्याची कसोटी सोपी आहे. थट्टेत दोघेही हसतात आणि एकाने ‘पुरे’ म्हटले की ती थांबते. छळात एकच बाजू हसते, तोच प्रकार पुनःपुन्हा घडतो, आणि सोसणारा संख्येने, वयाने वा सामाजिक बळाने दुबळा असतो. नॉर्वेमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी तीन मुलांनी आत्महत्या केल्यानंतर १९८३ साली तेथील शासनाने देशभर मोहीम हाती घेतली; तेथील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी छळाची हीच लक्षणे सांगितली.

छळ सोसणारे मूल बहुधा बोलत नाही. आपल्यामुळे आईबापांना खाली पाहावे लागेल, असे त्यास वाटते. म्हणून आपण डोळे उघडे ठेवावेत. सकाळी शाळेच्याच वेळी पोट दुखते काय? डबा न खाता परत येतो काय? वह्या फाटतात, पेन्सिली हरवतात, गुण एकाएकी घसरतात काय? रोजचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्याने घरी येतो काय? ‘आपले आडनाव बदलू या’, ‘शाळेत जयभीम म्हणू नका’, असे म्हणतो काय? एखादे लक्षण दिसले म्हणजे छळ सिद्ध झाला असे नव्हे; पण शांतपणे, रागे न भरता, मुलाजवळ बसून विचारण्याची वेळ आली आहे, हे निश्चित समजावे.

आता कायद्याविषयी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलास शारीरिक शिक्षा देण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. तसे करणाऱ्या शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई होते. विद्यार्थीच विद्यार्थ्यास छळत असतील तर महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा आहे. तो केवळ महाविद्यालयांपुरता आहे हा गैरसमज होय. चिडविणे, शिवीगाळ, धमकी हे सारे त्यात येते. लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी केली पाहिजे, आणि त्याने हयगय केली तर तोही दोषास पात्र ठरतो. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आपल्या पाठीशी आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना ते स्थान कायद्याने दिलेले असल्यामुळे, दीक्षा घेतल्याने हे संरक्षण जात नाही. तथापि, जातीवरून केलेला अपमान चारचौघांच्या नजरेसमोर घडलेला असावा लागतो, हे ध्यानात ठेवावे. अपराध करणारा अठरा वर्षांखालील असेल तर त्याचा विचार बाल न्याय मंडळापुढे होतो. तेथे सुधारणेस महत्त्व आहे, आणि आम्हांस ते योग्यच वाटते.

परंतु कायदा पुराव्यावर चालतो. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे २०१४ साली एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्यास शाळेतून ओढून नेऊन ठार मारल्याचा खटला उभा राहिला. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली सर्व आरोपी निर्दोष सुटले. तोंडी साक्षीवर उभी राहिलेली बाजू अशी कोसळते. वकिलाकडे येणारे पालक बहुधा उशिरा येतात आणि रिकाम्या हातांनी येतात. म्हणून पहिल्या प्रसंगापासून एका वहीत तारीख, वेळ, जागा, उच्चारलेले नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवा. मोबाईलवरील मजकूर पुसू नका. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व सहीची पोच घ्या. दाद न लागल्यास जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. धोका असेल तर पोलीस ठाणे व १०९८ हा बालकांसाठीचा दूरध्वनी आहे. शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत व निम्म्या स्त्रिया, असे कायदाच सांगतो. त्या जागा आपल्या भगिनींनी रिकाम्या का सोडाव्यात? छळाचा प्रश्न त्या समितीच्या बैठकीत मांडता येतो, आणि तेथे तो मांडला तर पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची वेळ पुष्कळदा येणारच नाही.

शेवटी एक कटू गोष्ट. आपले मूल नेहमी सोसणाराच असेल, असे गृहीत धरू नका. एखाद्या लंगड्या, तोतऱ्या, काळ्या वा गरीब मुलाची टर आपलाच मुलगा उडवीत असेल, तर त्याची बाजू घेऊन शाळेत भांडायला जाऊ नका. वाणीने कोणास दुखवू नये ही शिकवण रोज वंदनेत म्हणावयाची आणि वर्गात तिची पायमल्ली होऊ द्यावयाची, हे धम्मास शोभत नाही. आणि दुसऱ्याचा छळ होताना आपल्या मुलाने मुकाट पाहू नये, शिक्षकांना जाऊन सांगावे, हेही त्यास घरीच शिकवा. वर्गातील एक निर्भय साक्षीदार पुष्कळ काही थांबवू शकतो.

बाबासाहेबांनी गोणपाटावर बसून विद्या मिळविली, म्हणून आपल्या मुलांनीही अपमान गिळून शिकावे, असा त्याचा अर्थ काढू नका. तो अपमान पुन्हा कोणाच्या वाट्यास येऊ नये यासाठीच त्यांनी संविधानात अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम घालून घेतले. आज रात्री जेवताना मुलास गुण विचारण्याआधी एवढेच विचारा: ‘बाळा, शाळेत तुझ्याजवळ कोण बसते?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबा.