अनुशेष हेक्टरात मोजला, भूमिहीन मोजलाच नाही

विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषावर जवळपास प्रत्येक अधिवेशनात चर्चा होते. आपला कार्यकर्ता मात्र हा धरणवाल्या पुढाऱ्यांचा विषय समजून सोडून देतो. हे परवडणारे नाही. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात बौद्ध 5.8 टक्के आहेत. अकोला, वाशीम, हिंगोली, बुलढाणा या जिल्ह्यांत हे प्रमाण दुपटीहून जास्त आहे. राज्याच्या आर्थिक पाहणीत दरडोई उत्पन्नाच्या यादीत मुंबई, ठाणे, पुणे वर असतात आणि तळाला नंदुरबार, गडचिरोली यांच्यासोबत वाशीम, बुलढाणा दिसतात.

बाबासाहेबांनी हा प्रश्न राज्य होण्याआधीच मांडला होता. 1955 च्या 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' या पुस्तकात त्यांनी मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र अशी चार राज्ये सुचवली. मराठवाड्याच्या मागासपणाची त्यांना विशेष काळजी होती. त्याच पुस्तकात दुसरा इशाराही आहे: भाषिक राज्यात संख्येने मोठ्या असलेल्या एका जातीच्या हाती सत्ता एकवटते. म्हणजे प्रदेश आणि जात हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्र धरले. पुढच्या राज्यकर्त्यांनी फक्त प्रदेश उचलला आणि जात खाली ठेवली.

1953 चा नागपूर करार, घटनेचे कलम 371 (2), मग 1983 साली नेमलेली दांडेकर समिती. या समितीने 3,186 कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे 39 टक्के, मराठवाड्याचा साडेतेवीस. 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली, आणि पुनर्स्थापनेची शिफारस करण्याचा निर्णय घ्यायला मंत्रिमंडळाला सप्टेंबर 2022 उजाडले.

मंडळे हवीतच. पण माझा आक्षेप मोजपट्टीवर आहे. अनुशेष मोजला गेला जिल्हा धरून: किती हेक्टर ओलिताखाली, किती किलोमीटर रस्ता, किती वीजपंप. कालवा आला की पाणी सातबारा असलेल्याच्या रानात जाते. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याच्या वाट्याला फार तर त्या रानातली मजुरी येते. उद्या सिंचनाचा सगळा अनुशेष भरून निघाला, तरी बौद्धवाड्यातल्या भूमिहीन घराचा हिशोब शून्यच राहील. सरासरीत हे घर दिसत नाही. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात 2015-16 ते 2019-21 या काळात राज्याचे प्रमाण सुमारे 15 टक्क्यांवरून आठच्या आत आले. त्याच वेळी आदिवासीबहुल नंदुरबारमध्ये जवळपास एक तृतीयांश लोक गरीबच होते. जशी राज्याची सरासरी नंदुरबार झाकते, तशी जिल्ह्याची सरासरी वस्ती झाकते.

बरे, हे प्रदेश एकमेकांपासून तुटलेलेही नाहीत. दसरा झाला की बीडचा कोयता पश्चिम महाराष्ट्राच्या उसाच्या फडात पोहोचतो. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे फिटेपर्यंत ऊस तोडते, मुलांची शाळा सुटते. मराठवाड्याच्या दुष्काळावर तिकडच्या साखरेचा खर्च कमी राहतो. याला नुसते 'मागासलेपण' म्हणणे मला पटत नाही.

म्हणून आपला मुद्दा जमिनीचाच असायला हवा. दादासाहेब गायकवाडांनी 1964-65 चा भूमिहीनांचा सत्याग्रह याच मागणीवर उभा केला. आज त्यांच्याच नावाची सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे: अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती. 2018 पासून पूर्ण अनुदान. पण जमीन विकत घ्यायची ती खुल्या बाजारातून, सरकारने ठरवलेल्या कमाल दराच्या आत. रस्त्याकाठची, पाण्याखालची जमीन त्या दरात कोण देईल? मिळाली तर माळरान मिळते.

उरते गायरान. नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायची होती. पुष्कळ ठिकाणी कुटुंब कसत राहिले, कागद झालाच नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिल्यावर नोटिसा याच लोकांच्या हातात पडल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या जगपाल सिंग निकालात, शासकीय अधिसूचनेने पट्टा मिळालेल्या भूमिहीन मजुरांना व अनुसूचित जाती-जमातींना अपवाद ठेवलेला आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

अतिक्रमणांची नोंद तलाठ्याकडे गाव नमुना 1-ई मध्ये असते. माहिती अधिकारात ती मागता येते. 1990 पूर्वीची दंडाची पावती, पीकपाहणी किंवा जुनी नोटीस घरात असेल तर तिची प्रत काढून ठेवा. नोटीस आल्यावर उत्तर द्यायला फार दिवस मिळत नाहीत. पावसाळ्याआधी आपापल्या तालुक्यातल्या कसणाऱ्यांची यादी या नमुन्याशी ताडून पाहता आली, तर अनुशेषाच्या पुढच्या चर्चेत आपल्याकडे आपला आकडा असेल.